पाठीवरचा खडू

४ फेब्रुवारी

शिपाईबाई,

पत्राच्या वरती काय लिहितात ते मला ठाऊक आहे, पण तुम्हाला सप्रेम नमस्कार लिहायला मन होत नाही, म्हणून सरळ सुरू करते. मी तुमच्या जोडीदाराची बायको. बाळ झालं तेव्हा ठाण्यातर्फे स्वेटर घेऊन तुम्हीच आला होता. तो आता आखूड होतो, पण ते जाऊ दे.

माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नका. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन एकच आणि तो ह्यांच्या खिशात. हे पत्र आयाबाईंच्या हाती देते. त्या तुमच्या दवाखान्यात कामाला आहेत आणि आमच्याच क्वार्टरच्या रांगेत राहतात. पोटात ठेवतात सगळं.

काल मी बाळाला घेऊन तुमच्या वॉर्डापर्यंत आले होते. दारातूनच परत फिरले. तुम्ही खाटेवर बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला, आणि माझा नवरा खाली फरशीवर बसून तुमच्या बुटाचे बंद बांधत होता. दुहेरी गाठ मारत होता. बाई, माझे दिवस भरले होते, वाकता येत नव्हतं, तेव्हा चपलेचा पट्टा मी दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने सरकवायचे. तेव्हा माझ्यापुढे फरशीवर कुणी बसलं नाही.

आणि हे आजकालचं नाही. तुमचा हात मोडला त्या प्रकाराच्या आधीपासून दर गुरुवारी ह्यांच्या वर्दीच्या शर्टावर, पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, पांढरा पंजा उठलेला असायचा. पाची बोटं. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. तुमची बोटं माझ्याहून लांब आहेत. विचारलं तर म्हणाले, "सरावाचा खडू आहे गं." मी ब्रशने घासून काढला. सरावाला पाठीवर हात कशाला लागतो? माझ्या पाठीवर कुणी सराव केला तर चालेल का ह्यांना?

त्यात बाहेर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्या दिवशी ह्यांनी गोळी झाडली नाही म्हणून ठाण्यात ह्यांचं नाव 'उद्या' पडलंय. गोळी कधी घालणार? उद्या. परवा नळावर एक जण म्हणाली, "उद्याच्या बाईसाहेब, आधी तुम्ही भरा, तुमच्याकडे निवांत काम असतं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन बादली आपटली.

चौकशी लागलीय. घरी बसवलंय ह्यांना. नोकरी गेली तर ही खोली जाणार. बाळ सात महिन्यांचं आहे. माहेर म्हणाल तर एक सावत्र भाऊ, तोही मला बघून दार लोटून घेणारा. मला झोप येत नाही भीतीने. आणि हे उठून रोज तुमच्याकडे येतात.

म्हणून सांगते, बंद बांधायला तुमचं माणूस बघा. माझ्याकडे जे आहे ते मोजकंच आहे.

बाळाची आई

*

७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. आयाबाईंनी ते माझ्या उशीखाली असं काही सरकवलं की शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "ह्या वयात चिठ्ठ्या?" म्हटलं, आजी, चिठ्ठीच आहे, पण उलट्या बाजूची, बायकोकडची.

खडूचं आधी. आमच्यात जोडीने दारातून आत शिरायचं शिकवतात. पुढच्याच्या हातात पिस्तूल, त्याला मागे वळून बघता येत नाही. म्हणून मागच्याने डावा हात त्याच्या पाठीवर ठेवायचा, म्हणजे त्याला कळतं की मी आहे. नवे लोक धांदलीत हात काढून घेतात. म्हणून आमचे उस्ताद सगळ्यांच्या तळव्याला खडू फासतात आणि नंतर पाठी बघतात. ठसा स्वच्छ उठला तर हात जागेवर होता. फराटा उठला तर शिव्या. तुमच्या नवऱ्याच्या पाठीवर स्वच्छ ठसा यायचा, ह्याचा मला अभिमान होता. तो तुम्ही ब्रशने घासत होता हे माहीत नव्हतं.

बुटाचं मी नको म्हटलं होतं. मला हाताचा फोटो काढायला खाली न्यायचं होतं आणि एका हाताने बंद बांधता येत नाही. तो ऐकत नाही. येतो, अर्धा तास खिडकीबाहेर बघतो, माझी अर्धी बिस्किटं खातो आणि जातो. बोलतसुद्धा नाही.

माझी अकरा वर्षं नोकरी झाली, तीन जोडीदार झाले, एकालाही पळवलं नाही. एक तर असा होता की नेला असता तर त्याच्या बायकोने मला हात जोडले असते.

चौकशीचं मात्र त्यालाच विचारा. त्यावर मी बोलू शकत नाही.

त्याची जोडीदार

*

११ फेब्रुवारी

बाई,

मला वहिनी म्हणू नका. आणि एवढं गोड लिहू नका, मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

ह्यांना विचारा म्हणता. ह्यांना विचारायचं म्हणजे भिंतीला विचारायचं. परवा चौकशीत काय झालं ते मला ह्यांच्याकडून नाही, मोठ्या कारकुनाच्या बायकोकडून कळलं. साहेबांनी विचारलं, समोरचा सळई घेऊन अंगावर आला, तुझ्या हातात पिस्तूल होतं, मग का थांबलास? हे म्हणाले, "कचरलो. चूक माझी एकट्याची." साहेबांनी परत परत विचारलं, अरे पण का? हे गप्प.

बाई, गप्प बसणारा माणूस कुणाला तरी झाकत असतो. माझा बाप असाच गप्प बसायचा, आणि झाकलेली बाई शेवटी दोन गल्ल्या पलीकडे निघाली. तिच्याकडे त्याने पंखा घेऊन दिला होता. आमच्याकडे आई पुठ्ठ्याने वारा घालायची.

घरी आले ते बाळाला छातीवर घेऊन पडून राहिले. मी म्हटलं, काय सांगितलंत तिथे? म्हणाले, जे सांगायचं ते. मी म्हटलं, आणि मी नि बाळ कुठे जाऊ? म्हणाले, "होईल काहीतरी." ह्या 'काहीतरी'वर मी चूल पेटवू का?

मोठ्या कारकुनाची बायको म्हणते, जोडीदाराला मार बसू दिला असं सिद्ध झालं तर घरीच पाठवतात.

तुम्ही तिथे होता. मला सरळ सांगा. तुम्हाला लागेल म्हणून थांबले का ते? तुमच्यावर एवढा जीव आहे का की बोट हललं नाही?

बाळाची आई

*

१६ फेब्रुवारी

वहिनी (सवय लागलीय, रागावू नका),

मला काल घरी सोडलं. खोलीत एकटीच आहे. डब्याचं झाकण दातांनी उघडते, म्हणून तुमच्या पत्राला उशीर.

सांगते. शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. एक माणूस घरातलं सामान फोडत होता. अरुंद खोली, मधोमध पडदा. तो पुढे, मी मागे. त्या माणसाच्या हातात लोखंडी सळई. तुमच्या नवऱ्याने ओरडून सांगितलं, खाली टाक. परत सांगितलं. माणूस ऐकण्यातला नव्हता, डोळे फिरलेले. तो धावून आला. गोळी सुटली नाही. सळई माझ्या हातावर बसली. मग तुमच्या नवऱ्याने त्याला खांद्याने ढकलून पाडलं आणि बेड्या घातल्या. झालं एवढंच.

आता कायद्याचं. लोकांना वाटतं पोलिसाला वाटेल तेव्हा गोळी घालता येते. तसं नाही. लागेल तेवढंच बळ वापरायचं, जीव जायची वेळ आली तरच गोळी. आणि ती वेळ आली होती का नव्हती, हे मागाहून खुर्चीत बसून ठरवायचं नसतं. त्या जागी, त्या क्षणी, शहाण्या माणसाला जे दिसलं असतं त्यावरून ठरवायचं. पण ही तलवार दुधारी आहे. झाडली तर विचारतात का झाडलीस, आणि जोडीदार पडला तर विचारतात का नाही झाडलीस. त्याला समोर सळई दिसत होती. कागदावर बघितलं तर शहाण्या माणसाने गोळी घातली असती. म्हणून तो अडकलाय.

माझ्यावर जीव वगैरे नाही हो. मला लागेल म्हणूनही थांबला नाही, मी तर त्याच्या मागे होते.

एवढ्यावर थांबते. मी त्याला शब्द दिलाय.

जोडीदार

*

१९ फेब्रुवारी

बाई,

शब्द दिलाय! मला लग्नात दिलेला शब्द आहे, त्याचं काय झालं ते बघतेच आहे. तुम्हाला कसला शब्द पाहिजे होता?

तुमचा कायदा मला आवडला. मी पण तसाच लावते. त्या दवाखान्याच्या दारात, त्या क्षणी, कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या शहाण्या बायकोला काय दिसलं असतं? तिचा नवरा फरशीवर, परक्या बाईचा पाय त्याच्या गुडघ्यावर. आता सांगा मी काय चुकीचं समजले.

आणि एक सांगू? तुम्ही खोटं लिहिलंय. साहेबांना नसेल कळलं, मला कळलं, कारण मी तो पंजा महिनाभर धुतलाय. तो डोळे मिटले तरी मला दिसतो. डाव्या हाताचा, अंगठा पाठीच्या कण्याकडे. तुम्हीच लिहिलंत की मागच्याचा डावा हात पुढच्याच्या पाठीवर असतो. हे पुढे उभे, दार अडवून, आमचे हे काही काडी नाहीत. सळई आली पुढून. मग ह्यांना खरचटलंसुद्धा नाही आणि ह्यांच्या पाठीमागे लपलेला तुमचा डावा हात कसा मोडला?

तो हात तिथे नव्हता. तुम्ही काढला होता. कधी काढलात आणि का काढलात?

घाबरून पळालात का? आणि माझा नवरा ते झाकतोय का? तसं असेल तर बाई, तुमच्या पायी माझ्या लेकराचं छप्पर जातंय. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तुमचा हात आहे. मला वेड लागेल.

सांगा.

बाळाची आई

*

२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी भिंतीला टेकून बसले. तीन साहेब, एक वकील, कुणालाच हे सुचलं नाही. तुम्हाला सुचलं, कारण तुम्हाला माझा हात सलत होता.

काढला होता. खरं ते हे.

मी त्याच्या मागे, अर्धं पाऊल बाजूला होते. तिथून मला पडद्याखालची फट दिसत होती. त्याला दिसत नव्हती. फटीत दोन पावलं होती. मोजे घातलेली, लहान, एक मोजा टाचेपर्यंत घसरलेला. त्या माणसाच्या अगदी पाठीमागे. पोरगी पडद्याआड उभी होती. गोळी त्या माणसातून किंवा बाजूने गेली असती तर कुठे गेली असती, सांगायला नको.

नियम असा आहे की तोंडाने ओरडायचं, 'थांब, मागे मूल आहे.' माझा आवाज फुटला नाही. अकरा वर्षं लोकांवर ओरडले आणि त्या वेळी घशात बोळा बसला. मग मी हात उचलला. हात उठला म्हणजे गोळी नाही, हे आम्ही दोघांनी आपसात ठरवलं होतं. पुस्तकात नाही ते, उस्तादांनाही माहीत नाही. त्याला काही दिसलं नाही, त्याने काही विचारलं नाही. पाठ हलकी झाली आणि तो थांबला. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या आईनेसुद्धा ठेवला नाही.

मग सळई आली. ती त्याच्या डोक्यावर येत होती. हात मोकळाच होता, तो मी त्याच्या डोक्यावर धरला.

नंतर गाडीत तो म्हणाला, हे बोलू नकोस. पुस्तकाबाहेरची खूण आणि वरून तोंड उघडलं नाही, तुझी अकरा वर्षं बुडतील, दोन बोटं तर आताच हलत नाहीत. मी कचरलो म्हणतो. माझ्याकडून शब्द घेतला. मी दुखण्याने अर्धी बेशुद्ध होते, दिला. शुद्धीत आल्यावर मोडता आला असता. मोडला नाही. माझंही पोट ह्याच नोकरीवर आहे, वहिनी.

आता तुम्हीच बोला. जाऊन सांगू का? तो परत माझं तोंड बघणार नाही, एवढं मला माहीत आहे. शब्द मोडणाऱ्याशी तो बोलत नाही.

जोडीदार

*

२३ फेब्रुवारी

बाई,

सांगा.

मी खोटं कशाला बोलू, माझा दोन्हीकडून स्वार्थ आहे. तुम्ही सांगितलंत तर नोकरी वाचेल. आणि हे तुमच्याशी बोलायचे बंद होतील. मला दोन्ही पाहिजे. हे वाचून मला काय म्हणायचं ते म्हणा.

ते जिवंत आहेत ते तुमच्या हातामुळे, हेही कळलं. म्हणजे मला आता तुमचे पाय धरायला पाहिजेत. मला हे अजिबात आवडलेलं नाही. तुम्ही वाईट निघाला असता तर किती सोपं झालं असतं!

त्या पोरीच्या पायात मोजा घसरलेला होता ते मात्र लिहायला नको होतं. बाळाचे मोजे आता मी दहादा वर ओढते.

बाळाची आई

*

१ मार्च

वहिनी,

सांगितलं. सगळं, घशातल्या बोळ्यासकट. ह्या वेळी आवाज फुटला. बाहेर येताना जिन्यात तो भेटला. माझ्याकडे बघितलं आणि कडेने निघून गेला, मी जिना झाडणारी कुणी असावी तसा. तुम्हाला पाहिजे होतं ते झालं.

साहेबांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, जाड वर्दीवरून नुसता हात उठलेला कळतो का? दोघांनी मागाहून जुळवलेली गोष्ट दिसते. शुक्रवारी सकाळी मैदानात परीक्षा घेणार आहेत. उस्ताद खडू घेऊन हजर राहणार. माझं प्लास्टर कालच निघालं, तेव्हा माझाही हात लागणार. तुमच्या कपड्यांच्या दोऱ्यांवरून मैदान दिसतं, असं ऐकलंय. बघावंसं वाटलं तर बघा, नाहीतर बघू नका.

जोडीदार

*

९ मार्च

ताई,

बघितलं. ओले कपडे घेऊन उभी होते, दोरीवर एकही टाकला नाही. बाळाने तेवढ्यात चिमटा तोंडात घातला.

तुम्हाला तुमच्या जागेवरून दिसलं नसेल ते सांगते. ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं. चार जण पाळीपाळीने पाठीवर खडूचा हात ठेवत होते आणि उचलत होते. हात उठला की ह्यांनी बोट वर करायचं. दर वेळी बरोबर केलं. एकदा तो ढोल्या शिपाई मुद्दाम मुंगीसारखा हळू उचलत होता, तरी कळलं. नळावरच्या सगळ्या तिथे जमल्या होत्या, पण 'उद्या' म्हणायची कुणाला हिंमत झाली नाही.

मग साहेब म्हणाले, आता कोणाचा हात ते ओळख. उस्तादांचा ओळखला. ढोल्याच्या वेळी म्हणाले, "कुणी तरी जेवून आलंय," तेव्हा साहेबसुद्धा हसले. मग तुमचा हात आला. हे बोलेनात. मला वाटलं, ओळखू नये. देवा, हा एक ओळखू नये. नोकरी जाते का राहते तेसुद्धा त्या घडीला मी विसरले, एवढी मी वाईट आहे. मग हे म्हणाले, "हीच." साहेबांनी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "दोन बोटं टेकत नाहीत." आणि आवाज फाटला ह्यांचा. लग्नात नाही, बाळ झालं तेव्हा नाही, मी ह्यांना कधी असं ऐकलं नव्हतं.

काल निकाल हातात आला. ह्यांनी दोनदा वाचून दाखवला मला. त्या जागी, त्या क्षणी, जे कळलं त्यावर थांबला, ते गैर नाही. पुढे खाणाखुणा करू नयेत, तोंडाने बोलावं, अशी दोघांना ताकीद. सोमवारपासून कामावर, नवा जोडीदार ढोल्या. आणि तुम्हाला वायरलेसच्या खोलीत बसवलं म्हणे, दिवसभर बोलायचं काम. चांगलं झालं. घसा तरी मोकळा राहील.

आता घरातलं. हे तुमच्याशी बोलत नाहीत. माझ्या मनासारखं झालं ना? तर ऐका. आता खिडकीबाहेर बघत इथे बसतात आणि माझी बिस्किटं खातात. मी म्हटलं, जा की एकदा भेटून या. म्हणाले, "तिने शब्द मोडला." मी म्हटलं, "मोडायला मी लावला. माझ्यावर रुसा." म्हणाले, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "तुमचे शर्ट कोण धुतं?"

आज सकाळी आरशासमोर दाढी करत होते, आरसा लहान, मागचं दिसत नाही. मी बाळाचा हात पाठीवर टेकवला. न वळता म्हणाले, "साहेब आले." मग मी माझा ठेवला, तुमच्याच जागी. मुद्दाम बांगड्या वर सारून, श्वास रोखून. लगेच म्हणाले, "तू." मी म्हटलं, कशावरून? तर म्हणतात, "तू ढकलतेस." ढकलते म्हणे! मग मी आणखी जोरात ढकललं, तर वस्तरा लागला हनुवटीला. पण ओळखला, ताई. चार जणांत उभी नव्हते, तरी ओळखला म्हणायचा.

मैदानातला तो शर्ट धुवायला घेतला. बाकीचे पंजे एकात एक मिसळले होते, तुमचा शेवटचा म्हणून वर होता. तीन बोटं ठळक, दोन नुसती पुसट. मी ब्रश घेतला होता. मग ठेवून दिला आणि नुसत्या पाण्यातून काढला. थोडा राहिलाय अजून, वाळल्यावर दिसतो. राहू दे. ढोल्याबरोबर जाताना पाठीवर असलेला बरा.

रविवारी या. बाळ आता धरून उभं राहतं. हे बोलले नाहीत तर मी बोलेन, मला पुष्कळ येतं. आणि वहिनी म्हटलंत तरी चालेल.

फक्त येताना बिनबंदाचे बूट घालून या.

तुमची
वहिनी